कोंडवाड्याचा अर्ज

अकरा महिने झाले.
वहीच्या पहिल्या पानावर तारीख आहे,
तिच्याखाली एक ओळ, ओळीवर काट.
खरं सांगायचं तर काटच तेवढी नीट आलीय.

खानापूरच्या कचेरीसमोर, फणसाखाली,
माझं टेबल. त्याचा एक पाय विटेवर.
लोकांचे अर्ज मी कानडीत लिहितो, तीस रुपयांत,
मराठीत बोलत बोलत.
दाखला हरवला, बांध सरकला,
बापाच्या नावात काना जास्त पडला,
सगळं हातातून सरळ उतरतं.
रात्री घरी तेच पेन
पाहुण्यासारखं बसून राहतं.

मीरासाब चहा ठेवताना विचारतो,
'कविता काय करूलालीय, मास्तर?'
झोपलीय, म्हणतो मी.
'मग उठवू नका,' म्हणतो,
आणि कपातली माशी बोटानं काढतो.

काल पारिश्वाडचा भरमाप्पा आला,
टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
त्याची म्हैस पंचायतीनं कोंडवाड्यात घातलीय,
दुसऱ्याच्या जोंधळ्यात शिरली म्हणून.
दंड चारशे. चारशे नाहीत.
निम्मे घ्या आणि सोडा, एवढंच लिहायचं.

'मान्यरे' लिहिलं, विषय लिहिला.
कारण काय घालू, विचारलं.
'अदक्क हंबल आगेती,' म्हणाला.
तीन दिवस पेंडीला तोंड लावलं नाही.
रेडकू घरी, ती तिथं.

हंबल.
कानडीत लिहून टाकलं, तिथं काही अडलं नाही.
अडलं ते मराठीत, ज्याची कुणी मागणीच केली नव्हती.
ओढ? ओढ दाव्यालाही असते.
ध्यास? तो सत्काराच्या भाषणातला.
आठवण म्हणावं, तर म्हशीला
दंड लावणाऱ्याचीही आठवण असणार.

या नादात कार्बन उलटा घातला.
सगळा अर्ज स्वतःच्याच पाठीवर उमटला.
'असू दे, परत लिव,' भरमाप्पा म्हणाला,
जशी काही घाई माझी होती.

दुसऱ्यांदा लिहिताना ऐकू आलं:
हंबल, हंबर.
मध्ये एका अक्षराचा बांध, तोही सरकलेला.
हंबरते ती गाय, म्हैस रेकते,
हे मला शाळेपासून पाठ आहे.
असू दे.

तीस रुपये घेतले. खोटं कशाला सांगू.
तो बस गाठायला गेला.
म्हैस सुटली की नाही, अजून कळलं नाही.

बिघडलेला कागद माझ्याकडे राहिला.
पाठीमागून बघितलं तर
त्याच्यावर कुठलीच भाषा नाही,
नुसती गोल गोल निळी खुरं.
त्यांच्या मधल्या जागेत मी मराठीत लिहिलं:
रेडकू घरी, ती तिथं.

पुढचं आलं नाही.
पण काट मारायला हात गेला नाही.

मीरासाबनं कप उचलताना वाकून बघितलं.
'उठली काय?'
नाही रे, म्हटलं.
कूस बदललीय.