लिलावाच्या ओट्यावर

अष्टमीला जाऊन उपयोग नाही.
भांगाचं पाणी आळशी,
आणत काही नाही, नेतही नाही.
मी अमावास्येनंतर दोन दिवसांनी जाते, सुकती लागली की,
तांबळडेगच्या पुळणीवर,
मर्यादावेल संपते तिथून चार पावलं खाली.
एक काळपट रेघ पडलेली असते तिथं,
वाण्याने हिशेब मांडून खाली ओढावी तशी.
त्या रेघेवरून चालायचं.

कोल्हापूरला पाच वर्षं शिकवलं :
आधी कल्पना, मग माध्यम.
इथं आधी चप्पल.
एकच, आणि बहुतेक डावी.
उजव्या कुठं लागतात
ते कारवारवाल्यांना विचारायला हवं.

धुवायचं नाही.
रंग तर नाहीच.
खिळा मारायचाच झाला तर
लाकडात आधीपासून असलेल्या भोकात.
किड्याने पोखरलेली फळी, अरबी अक्षरांचं क्रेट,
बाहुलीचा कोपरापर्यंतचा हात,
माकुलाची हाडं, औषधाची बाटली
जिच्यावर फक्त 'जेवणानंतर' एवढं शिल्लक आहे.
घरी आणून पडवीत ठेवते आणि काही करत नाही.
महिना जातो, कधी वर्ष.
आई म्हणते, भंगारवालासुद्धा तुझ्यापेक्षा भराभर ठरवतो.
मग एका दुपारी फळी आणि हात
एकमेकांच्या बाजूला असतात
आणि मला नक्की आठवत नाही
ते मी ठेवले की मांजराने.

बंदीच्या महिन्यांत लिलावाची शेड रिकामी असते.
सोसायटीच्या कुबलांनी चावी दिली,
म्हणाले, वास जाणार नाही हां, आधीच सांगतो.
वास राहू दे, म्हटलं.
काच नाही, चौथरे नाहीत.
मासळीचे लावतात तसेच ओट्यावर वाटे लावले
आणि प्रत्येकापुढे चिठ्ठी :
तिथी, पाणी, जागा.
नाव कशालाच दिलं नाही.
नाव दिलं की माणसं नावच वाचून जातात.

पुण्याहून एकजण आले, चांगले बूट घालून.
प्लास्टिकबद्दल तुम्हाला काय म्हणायचंय?
म्हटलं, अजून त्याचंच ऐकतेय.
त्यांनी ते लिहून घेतलं.
मला जरा लाज वाटली.

जयवंती मालंडकर मात्र सवयीने उकिडव्या बसल्या,
निळा बोया उलटा करून पाहिला.
वाटो कितीक?
विकायला नाही हो, काकी.
मग मांडलंस कित्याक?
ह्याचं उत्तर पाच वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.
बोया त्यांच्या जाळ्याला चालण्यासारखा होता.
गेला.
त्या जागी सहा सुके बांगडे आले, वर्तमानपत्रात,
आणि मी चिठ्ठी बदलली नाही.

शेवटच्या दिवशी हिराजी कोयंडे.
ऐंशीच्या पुढचे, तांडेल होते,
आता चहाची बशी दोन हातांनी धरतात.
आढ्याला मी एक मोडकं सुकाणू टांगलं होतं,
रेघेवरच मिळालेल्या सुंभाने.
माझ्या मते सगळ्यांत पुरं झालेलं काम.
ते खाली बराच वेळ उभे. मला वाटलं, भिडलं.
चेडवा, ही गाठ कोणी मारल्यान?
मीच.
अशी मारलंस तर होडी जातली.
आणि स्टूल मागवून वर चढले.
मी पाय धरून उभी. ते थरथरत होते,
पाय, स्टूल, मी.
फक्त सुंभ हातात आला तेव्हा
बोटं थांबली कापायची,
दोन वेढे, एक आतून, ओढ.
सुकाणू वीतभर वर गेलं आणि कललं,
जिकडे मी ते कधीच कलू दिलं नसतं.

बाकीचं सगळं टेम्पोतून घरी आलं.
ते मात्र सुटत नाही.
कुबल दर आठवड्याला सांगतात, काढा.
मी स्टुलावर चढते, पाहते, उतरते.
चिठ्ठीवर जागेच्या खाली एक ओळ वाढवली आहे :
गाठ, हिराजी कोयंडे.
खाली पहाटे चारला बोली सुरू होते,
बर्फाचं पाणी पायांतून वाहतं,
आणि वरच्या लाकडाला
आता खवलं चिकटलीत, ताजी,
जी मी गोळा केलेली नाहीत.