तरंगती काकडी

एकेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा बाकावर बसलो,
हाचिनोहेच्या अंधशाळेत, तिसऱ्या रांगेत.
शेजारी एकोणीस वर्षांची चिनात्सु,
जन्मापासून न पाहिलेली,
आणि माझ्या दुप्पट चटपटीत.
माझं मधोमध थोडं शिल्लक होतं,
नळीतून दिसावं एवढं जग.
कडा आधीच गेल्या होत्या.

त्याआधी बावीस वर्षं
माकुळाच्या बोटीवर इंजिन सांभाळलं.
रात्रभर दिव्यांच्या माळा, पाणी पांढरंफटक,
तिथे डोळे सगळ्यांचेच दिपतात,
म्हणून मला उशिरा कळलं.
एका रात्री शिडीची पायरी सापडली नाही.
दुसऱ्या रात्री पान्हा पट्ट्यात गेला.
कप्तान निइदा काही बोलले नाहीत.
माझे बूट, माझा जेवणाचा डबा
वर्तमानपत्रात गुंडाळून
दारात ठेवून गेले. बेलसुद्धा वाजवली नाही.

ओबोनाईबाईंनी पहिला महिना सुई दिलीच नाही.
मग कापसाचा गोळा.
मग घमेल्यात पाणी, पाण्यावर काकडी:
सुई आत जावी आणि काकडीनं कूस बदलू नये.
माझ्या हातांना फक्त नट ठाऊक,
घट्ट होईस्तोवर आवळायचा, वर अर्धा फेरा.
काकडी गर्रकन फिरायची.
बाईंना दिसत नाही, पण पाणी ऐकू येतं.
खोलीच्या त्या टोकाहून म्हणायच्या,
"मोरिता, काकडीशी कसलं वैर आहे?"

सुई घालायचीही एक नळी असते, बारीक.
तिच्या तोंडावर टिचकी मारायची, हलकेच,
झोपलेल्या घराचं दार वाजवावं तशी.

अंगावर तीनशे एकसष्ट ठिकाणं.
पुस्तकातले टिंब आणि अंगावरचे खळगे
बोटांत एकमेकांत मिसळायचे.
गुडघ्याखाली चार बोटं,
नडगीच्या बाहेरच्या अंगाला
माझ्याच पायावर मी इतक्यांदा चुकलो
की साएको म्हणाली, चाळणी झाली.
ती मासळीच्या कारखान्यातून दमून यायची,
जेवणाच्या टेबलावर हात पसरायची:
"घे. काकडी महाग झालीये."

तिसऱ्या हिवाळ्यात माझी नळी मिटली.
नक्की कुठल्या दिवशी, सांगता येणार नाही.
बर्फ पडत होता,
मला वाटलं, बर्फच आहे.

परीक्षेत पहिल्या खेपेस चार गुणांनी गेलो.
चिनात्सु पास झाली, सेंदाईला गेली,
तिथून फोन करून माझे पाठ घ्यायची,
चुकलं की जिभेनं चक् करायची.
दुसऱ्या खेपेस निघालो.
बाजाराच्या मागे, दोरखंडवाल्याच्या वर
एक खोली, एक खाट, एक शेगडी.
परवाना भिंतीवर सरळ लागलाय
हे साएकोच्या शब्दावर मानून चालतो.
पहिल्या आठवड्यात दोन माणसं आली.
त्यातलं एक जिना चुकलेलं.

नोव्हेंबरात पावलं आली,
डावं जड, उजवं मागून.
"कंबर," एवढंच म्हणाले.
मी चादर सारखी केली.
ती पाठ मला माहीत होती,
बावीस वर्षं तिच्या मागून धक्क्यापर्यंत चालत गेलो होतो.
कधी हात लावला नव्हता.
मणक्याच्या डाव्या बाजूला गाठ,
थंडीत आखडलेल्या दोरासारखी.
मी बोट ठेवलं आणि थांबलो.
आवळायचं नाही.
टिचकी.

"घालणार कधी?"
"ही तिसरी, कप्तान."

बराच वेळ शेगडीच बोलत होती.
मग ते म्हणाले, नवा पोरगा इंजिनाचं ऐकत नाही,
नुसता काट्यांकडे बघत बसतो.
मग गप्प.
मग म्हणाले, "तेव्हा, त्या बुटांच्या वेळी, मी"
आणि माझ्याकडे वळायला लागले.

"हलू नका," मी म्हणालो,
"सुया आहेत."

ते हलले नाहीत.
पालथेच, उशीत तोंड खुपसून,
जे बोलायचं ते बोलले.