एका गुणाचा प्रश्न

बर्फाची सुट्टी लागायच्या आत पेपर तपासून द्यायचेत,
म्हणून पत्र्याच्या शेगडीला चिकटून बसलोय.
बॉलपेन गोठतं इथे.
बगलेत धरावं लागतं, तेव्हा कुठे लाल उतरतं.

इयत्ता पाचवी. सामान्य ज्ञान. आपलं हिमाचल.
पूर्ण राज्य कधी झालं? पंचवीस जानेवारी एकाहत्तर.
सगळ्यांना येतं.
त्या दिवशी सिमल्यात बर्फ पडत होता
आणि माणसं तशीच उभी राहून ऐकत होती,
हे कुणी लिहीत नाही. त्याला गुण नाही.

अठ्ठेचाळीस साली किती संस्थानं एकत्र आली? तीसच्या आसपास.
त्यातली काही एवढीशी, की राजा इकडे शिंकला
तर 'शतायुषी' शेजारच्या राज्यातून यावं.

राज्यवृक्ष देवदार. खिडकीबाहेर बघून लिहिलं तरी चालतं,
मी त्याला कॉपी धरत नाही.
राज्यप्राणी हिमबिबट्या.
वर्गात कुणी पाहिलेला नाही.
दौलतच्या बापाच्या तीन मेंढ्यांनी पाहिला होता.

नद्या पाच. दौलतने चारच लिहिल्यात, सतलज गाळली.
मी ऊन्याचा, सपाटीवरचा माणूस; आधी चूक म्हणून गोल केला,
मग आठवलं, त्याच्या घराखालूनच वाहते ती,
तिच्या आवाजावर रोज झोपतो पोरगा.
घरच्या माणसाचं नाव
पाहुण्यांच्या यादीत कोण घालतं?

प्रश्न सातवा. राज्यपक्षी कोणता?
उत्तर एका शब्दाचं: जुजुराणा.
ज्ञान भगतीने मात्र अख्खं पान भरलंय, मागची बाजूही.

'सर, आधी मोनाल होता. दोन हजार सातपासून जुजुराणा आहे.
आजोबांना आम्ही अजून सांगितलेलं नाही.
त्यांच्या हिरव्या पट्टीच्या टोपीवर मोनालचा तुरा आहे,
खूप जुना, त्यांच्या वडिलांचा. आता मारायला बंदी आहे.
ती टोपी घालून पणजोबा रामपूरला लवीच्या जत्रेत जायचे.
तिबेटातून मीठ यायचं, लोकर यायची, घोडे यायचे.
आजोबा म्हणतात, बुशहरच्या राजाचा आणि तिबेटचा करार होता:
कैलासावरचं बर्फ जोवर वितळत नाही,
मानसरोवर जोवर आटत नाही,
कावळा जोवर पांढरा होत नाही, तोवर ही मैत्री.
मग बासष्ट साली वाट बंद झाली.
आजोबा अजून कावळे बघतात. काळेच आहेत.'

इथे खाडाखोड. मग पेन बदललंय.

'बाबा वनरक्षक आहेत, रूपीच्या जंगलात जुजुराणा मोजतात.
मोजतात म्हणजे पहाटे अंधारात बसून हाका ऐकतात.
मागच्या वर्षी सात हाका आल्या. दिसला एकदाच,
तोही पाठमोरा. बाबा म्हणाले, लाल होता,
आणि अंगभर पांढरे ठिपके, बर्फ नुकतं लागावं तसे.
गोष्टीत आहे की देवाने तो सगळ्यात शेवटी बनवला,
तेव्हा जगातल्या प्रत्येक पक्ष्याने एकेक पीस दिलं.
सर, प्रत्येक म्हणजे मोनालनेही दिलं असेल.
म्हणजे तो थोडा तरी अजून राज्यपक्षी आहे ना?
आजोबांना तसं सांगितलं तर चालेल का?'

शेगडीत ढलपी सरकली.
खाली दरीत शेवटची बस हॉर्न देत वळणं उतरतेय.

उत्तरपत्रिका तपासताना शिक्षकाने
शेरे लिहू नयेत, असं परिपत्रक आहे.
रकान्यात एकच आकडा मावतो.

पेन पुन्हा गोठलंय.
बगलेत धरून बसलोय.