साडेआठ तास

वार्डोतून नोव्हेंबरअखेर सूर्य जातो
आणि थेट जानेवारीत उगवतो, तोही ओझरता,
उसनं परत करायला आलेल्या माणसासारखा.
मधल्या दिवसांत गावात एकच सकाळ होते:
हालडिसच्या स्वयंपाकघरात, दहाला,
आधी निळी, मग हळूहळू पांढरी,
टायमर टक् करतो तेव्हा.

आयलिफ बोटींवरचा वायरमन.
जन्मभर दुसऱ्यांचे दिवे दुरुस्त केले
आणि म्हातारपणी घेऊन बसला हा काचेचा समुद्र,
दोनशे लिटर, पंचवीस अंश,
बाहेर बॅरेंट्स काळाठिक्कर उसळत असताना.
त्याच्या वहीत प्रेमाचं एक अक्षर नाही.
'फांदीवालं प्रवाळ: वरचा दगड. नऊ तास.
छत्रीवालं: तळाशी. त्याला झळ सोसत नाही.
दिवा वाढवायचा तर आठवड्याला चिमूटभर.'

तो गेला त्या हिवाळ्यात तिनं वही उघडलीच नाही.
दिवा पूर्ण ताकदीवर नेला, सोळा तास.
उजेड कधी कुणाला जास्त होतो का,
आणि तोही वार्डोत?

अकराव्या दिवशी फांद्यांची टोकं पांढरी.
ती हरखली. वाढतायत!
मग तो पांढरेपणा उतरत उतरत
बुडापर्यंत आला.
आत बिऱ्हाड करून राहिलेलं तपकिरी शेवाळ,
उजेड रांधून प्रवाळाला भरवणारं,
घर सोडून निघून गेलं होतं.
प्रवाळ मेलं नव्हतं.
उपाशी होतं.

मग वही. मग फुटपट्टी.
दिवा वीतभर वर टांगला, आणि फक्त सहा तास.
उरलेला काळोख तिनं टाकीपाशी बसून काढला,
मोज्याची टाच विणत, उसवत.

शेजारचा मिक्केल विचारी,
"दिवा गेला की हे काय करतात?"
"जेवतात."
विजेरीवर लाल कागद धरून तिनं दाखवलं:
दिवसा मिटलेली केसाएवढी बोटं
पाण्यातलं काहीबाही वेचत होती.
मिक्केल बराच वेळ तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

मार्चात एका बुंध्याशी
चहा सांडून पुसल्यासारखा डाग.
आयलिफच्या ओळीखाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं:
'डाग आला. साडेआठ तास.'
जरा थांबून, त्याखाली:
'माझी झोप: पाच.'

मे महिन्यात सूर्य मावळायचं विसरला
तेव्हा दफनाच्या दिवशी घातलेला काळा स्कर्ट
तिनं शिवणीवर उसवला
आणि टाकीला पडदा शिवला.
उरलेल्या तुकड्याचं काय करावं
ते अजून ठरत नाही.