देवळीला मुक्काम

मनगटी पट्टे आले अकरा.
चौथी-पाचवीची पोरं तेवीस.
सोबतचं पत्रक सांगत होतं,
मुलं बसून राहतात, मोबाईल पाहतात,
त्यांना हलतं करा.
मी पत्रक घडी घालून हजेरीत ठेवलं
आणि चिठ्ठ्या टाकल्या.

पहिल्या संध्याकाळी तन्मय ढोबळे
बाजेवर पडून कार्टून पाहत होता
आणि पट्ट्याचा हात नुसता हलवत होता,
माश्या हाकलाव्या तसा.
सकाळी त्याची पावलं नऊ हजार.
आचल आत्रामची सहाशे चार.

आचल, जी पोडावरून येते,
पांदणीच्या चिखलगोट्यातून, चप्पल हातात घेऊन.
आचल, जिच्या शाळेआधी
हापशीच्या चार खेपा झालेल्या असतात.
"मॅडम, माह्ये काहून इतलेच?"

म्हटलं, चालून दाखव.
ती चालली, रोज चालते तशी:
एक हात डोक्यावरच्या गुंडीला,
दुसऱ्या हातात बादली.
गुंडी नव्हती, बादलीही नव्हती,
पण हात जागचे हलेनात.
यंत्राला वाटलं, पोरगी उभी आहे.

मला काही सुचेना.
समीक्षा म्हणाली, पायात बांधला तं?
इतकं सोपं.
पैंजणाच्या वर पट्टा, मोज्याच्या आत पट्टा,
इशांतचा तर सुतळीनं, कारण बक्कल
पहिल्याच दिवशी बकरीनं चावलं होतं.
तन्मयनं बाजेवर पडून पाय हलवून पाहिला.
मायनं पाठीत एक ठेवून दिली,
"बसल्या जागी पाय हालवू नाई, लक्ष्मी जाते."
मग निघाला बिचारा घराबाहेर.

गणितात सरासरीचा धडा चालू होता.
अकरांची बेरीज, भागिले अकरा,
दोन हजार पावलांचा एक किलोमीटर.
ज्यांना पट्टा नाही ते हिशेबनीस,
दर सोमवारी अदलाबदल.
भिंतीवर खडूनं रस्ता ओढला:
यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, नागपूर,
आणि माझ्याच पाकिटातली एक लाल टिकली
त्यावर चालायला लावली.

टिकली चालली तशी पोरं बदलली, असं मी म्हणणार नाही.
भांडली जास्त. बेरीज चुकली की रडली.
आट्यापाट्या खेळायला जागा पुरेना म्हणून
सरपंचांच्या वाळत घातलेल्या तुरीतून पळाली,
मला जाऊन माफी मागावी लागली.
आठवड्यानं कळंब आलं. गूळ-शेंगदाणे वाटले.

शनिवारी अर्धी शाळा.
टिकली कळंब आणि देवळीच्या मधेच थांबली.
दप्तरं भरून झाली तरी कोणी उठेना.
"मॅडम, आपण रात्री झोपू कुठं?"
कोण आपण?
"आपण. रस्त्यात जंगल हाय. बिबट आला तं?"
मी हसले. ती हसली नाहीत.
इशांत म्हणाला, देवळीले माही मावशी राहते,
तेवीस जण झोपतील तिच्या पडवीत,
पण पोहचा तं लागन.

रविवारी संध्याकाळी यवतमाळला
मी कुकरची शिटी मोजत होते.
अनोळखी नंबरावरून चार मिस्ड कॉल.
उलट फोन केला तर आधी नुसती धाप ऐकू आली,
मागे कुत्रं, कुणीतरी ओरडतंय "अजून दोनशे, अजून दोनशे!"
मग आचलचा आवाज, दुसऱ्याच्या फोनवरचा, ताठ:
"मॅडम, पोहचलो. टिकली सरकवा."
उद्या सरकवते, म्हटलं.
"नाई. आजच. अंधार पडून राह्यला."
भिंत होती चाळीस किलोमीटरवर, कुलपात.
मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर
कपाळाची टिकली काढून लावली
आणि सांगितलं, सरकवली.

महिनाअखेरीस तक्ता भरायचा होता.
विद्यार्थ्याचं नाव, वजन, आधीची पावलं, नंतरची पावलं.
दोन पट्टे बंद, एकाचा चार्जर हरवलेला,
तेही खरंखरं लिहिलं.
उरला शेऱ्याचा रकाना, बोटभर रुंदीचा.
बारीक अक्षरात लिहिलं:
देवळीला मुक्काम. सगळी सुखरूप.