हरकत क्रमांक एकशे त्रेचाळीस

सासवड नगरपरिषदेच्या वरच्या मजल्यावर,
जिथे पंखा दोनच्या पुढे जात नाही,
मी गावाची पुढची वीस वर्षं
टेबलावर पसरून चारी कोपऱ्यांना दगड ठेवले.
पिवळं म्हणजे राहणं, निळं म्हणजे दुकानं,
जांभळ्यात कारखाने,
आणि हिरवं म्हणजे
जे अजून दुसऱ्या कुठल्या रंगाचं झालेलं नाही ते.

हरकती मागवल्या. मुदत तीस दिवस.
तीनशे अकरा आल्या.
माझं कुंपण वगळा. माझा गोठा वगळा.
मैदान हवंच, पण शेजारच्या गटात दाखवा.
कोथरूडला राहणाऱ्या एकांनी विचारलं,
विमानतळ येणार म्हणतात,
मग आमची अंजिराची बाग हिरव्यात का?

एकशे त्रेचाळीसावी वहीच्या पानावर होती,
घडीत थोडं पीठ:
‘आमच्या गिरणीमागचा ओढा नकाशात नाही.
तो कुठे गेला ते कळवावे.
आपली, द्वारका ज्ञानोबा खळदकर.’

नियमाने ही हरकतच नव्हे.
तिला काहीच वगळून नको होतं.
मी शीट काढली. ओढ्याच्या जागी
अठरा मीटरचा रस्ता, माझ्याच हातचा,
पट्टीने ओढलेला, देखणा.
मोजणी झाली होती मे महिन्यात.
मे महिन्यात ओढा म्हणजे
बाभळी, पिशव्या आणि एक उलटं पडलेलं टायर.

पाणी सोडणारे गुलाब तांबोळी म्हणाले,
मॅडम, पहाटे साडेतीनला या, दाखवतो.
खांद्यावर लांब लोखंडी चावी,
कुत्री त्यांना ओळखून पुन्हा झोपणारी.
एका झाकणाशी थांबले. कान लावा.
आत पाणी धावत होतं.
पुढच्या चौकात पुन्हा कान लावला,
तिथे ते दमल्यासारखं कुरकुरत चढत होतं.
‘एकोणतीस वर्षं झाली.
गावाचा उतार माझ्या पायांना पाठ आहे.
सगळा उतार तिच्या गिरणीमागे जातो.
तुम्ही वरून डांबर घाला,
पाणी काय तुमची परवानगी काढणार आहे?’

परत आल्यावर रस्ता सरकवला.
दोन मिलिमीटर.
चार हजाराला एक या प्रमाणात
दोन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर आठ मीटर,
आणि त्या आठांतले शेवटचे दोन
द्वारकाबाईंच्या गिरणीत शिरत होते.

हे नोटिशीने कळवता आलं असतं.
मी चालत गेले.
त्या ज्वारी दळत होत्या, भुवया पांढऱ्या,
पट्टा थांबेपर्यंत काही ऐकू येईना.
मग दोनदा सांगावं लागलं.
त्यांनी मागच्या भिंतीकडे पाहिलं,
तिथल्या मिरची कांडपाकडे पाहिलं,
पदराने डोळे पुसले, पण ते पिठामुळे असावेत.

‘म्हणजे मीच विचारलं आणि माझंच गेलं.’
मी काही बोलले नाही.
बाहेर कुणीतरी डबा वाजवला.
‘थांब रे जरा, इथे गाव चाललंय.’
मग मला म्हणाल्या,
‘कांडप पुढे सरकवायला मिस्त्री तुमचा.
नुकसानभरपाई वेळेवर. आणि ओढ्याला नाव आहे,
ते लिहा. चिलारीचा ओढा.
चिलार आता उरली नाही, तरी लिहा.’

मी लिहिलं. अगदी बारीक अक्षरात,
जागाच तेवढी होती.

फाईल पुण्याला गेली त्याला आता सव्वा वर्ष झालं.
तिसऱ्या टेबलावर आहे म्हणतात,
कधी चौथ्यावर, मग परत तिसऱ्यावर.
मिस्त्रीचं बिल कुठल्या शीर्षाखाली टाकायचं
हे लेखा विभागाने अजून कळवलेलं नाही.

परवा दळण घेऊन गेले.
मागच्या भिंतीपासून अडीच पावलांवर
द्वारकाबाईंनी जमिनीवर पिठाची रेघ मारली आहे.
रात्री झाडलोटीत पुसते, सकाळी त्या पुन्हा मारतात.
कांडप अजून रेघेपलीकडेच आहे.
पण माझा डबा त्यांनी पायाने
अलीकडे ढकलला.