दाताला तीट

अर्जाच्या सातव्या रकान्यात विचारलंय:
या संशोधनाची निकड. दीडशे शब्दांत.
रात्रीचे साडेबारा. खाली सिंहगड रस्त्यावर
काँक्रीटचा मिक्सर पोट फिरवत चाललाय.

"दुधाचे दात पडणारच असतात, डॉक्टर,"
मागच्या वर्षी समितीतले एक गृहस्थ म्हणाले होते
शेंगदाणे चावत, बत्तीसच्या बत्तीस शाबूत.
"पडणाऱ्या गोष्टीवर पैसा कशाला?"
मी हसले होते. नुसते दात दाखवून.

उंड्रीला, बारा मजली सांगाड्याखाली
पत्र्याच्या खोलीत बालवाडी भरते.
मल्लव्वा, वय पाच, गाव सुरपूरकडचं.
आ कर म्हटलं की आधी गालावर तळहात ठेवते.
वीस दात, किडलेले नऊ.
तक्त्यात नऊ लिहायला एक सेकंद लागतो.

बाकीचं तिची आई सांगते.
रात्री कळ उठली की पोर पत्र्याला गाल लावून झोपते.
थंडीत पत्रा गार असतो.
आणि उन्हाळ्यात?
उन्हाळ्यात मिश्री. चिमूटभर, दाढेत.
घेरी येते, मग गप्प होते.

डिसेंबरात एका कंपनीची माणसं येऊन
ब्रश वाटून गेली. सोबत चॉकलेटं.
दीडशे माणसांत नळ एक,
तोही सकाळी सातपर्यंत.

एक औषध आहे, थेंबभर. सुई नको, वीज नको,
काडीने लावायचं. कीड थांबते,
दात मात्र तिथं काळा पडतो, कायमचा.
आमचा प्रश्न एवढाच,
की हे काम बालवाडीच्या कस्तुराताईंना जमेल का,
आणि तो काळा डाग आयांना चालेल का.
पुस्तकात उत्तर आहे. ते दुसऱ्या देशातल्या मुलांचं.

मल्लव्वाचे दोन काढले, सातांना औषध.
आईने पोरीचा जबडा उजेडाकडे वळवला,
बराच वेळ बघत राहिली.
मी संमतिपत्र सावरून समजावायच्या तयारीत.
"तीट लावली म्हणा की," ती म्हणाली.
"दिष्ट न्हाई लागायची."

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

सहा महिन्यांनी तपासायला गेलो
तर इमारतीला रंग लागलेला, गॅलऱ्यांत कुंड्या.
फाटकावरचा वॉचमन म्हणाला, लेबर गेली.
कुठे? चाकण. हिंजवडी. नाहीतर गावाकडे.
बेचाळीस मुलांपैकी एकोणतिसांच्या नावापुढे
मी लिहिलं, 'संपर्क तुटला.'
कुणी तोडला, ते विचारायला रकाना नव्हता.

म्हणून या खेपेला खर्चाच्या यादीत
औषधाच्याही वर: एक दुचाकी, पेट्रोल,
कन्नड बोलणारा एक माणूस, तीन वर्षांचा पगार.
दातांच्या अभ्यासात दुचाकी कशाला, विचारतील.
चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण
त्यांनाही पाठ असेल. चणे कुणाच्या हातात असतात
ते म्हणीत येत नाही.

आता सहाची असेल ती.
पुढचा दात हलायला लागला असेल,
कुणीतरी छपरावर फेकायला सांगितलं असेल,
काळा ठिपका असलेला दात
टणकन वाजला असेल कुठल्याशा पत्र्यावर.
पडू दे ना. पडायचाच होता.
आपल्या वेळेने पडू दे, एवढंच मागतेय मी,
तीन वर्षांच्या निधीसह.

शब्दसंख्या एकशे बेचाळीस.
आठ उरलेत.

पोर झोपते गाल पत्र्याला लावून. उन्हाळा जवळ आलाय.